लँडस्केपसाठी वाईड अँगल झूम घेताय? कोल्हापूरच्या डोंगर-पावसात काम करायचंय हे धरून टप्प्याटप्प्यानं

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ग्रुपात एकच प्रश्न फिरायला लागतो, "वाईड कुठली घेऊ?" राऊतवाडी-बर्कीचे धबधबे, गगनबावडा, मसाई पठार सगळं डोळ्यापुढं नाचायला लागतंय आणि माणूस रात्री बारापर्यंत लेन्सच्या किंमती बघत बसतोय. कशाला पाहिजे म्हणून विचारलं तर दहातल्या नऊजणांचं उत्तर ठरलेलं, किट लेन्समध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येते त्या १८-५५ मध्ये, सगळं मावत नाही.

तर पहिल्यांदा हेच डोक्यातून काढा. वाईड लेन्स सगळं मावावं म्हणून घ्यायची नसते, पायाजवळचं काहीतरी मोठं दाखवायचं असतंय म्हणून घ्यायची असते. पन्हाळ्यावर पुसाटी बुरुजावर उभं राहून मसाईच्या दिशेला २४ एमएमनं (ही लेन्सची फोकल लेंथ, आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं) एक फोटो काढा आणि तिथंच १६ एमएमनं काढा. दुसऱ्या फोटोत लांबचं पठार आधीच्या दोन तृतीयांश आकाराचं दिसणार, म्हणजे जे बघून तुम्ही थांबलात तेच बारीक झालं, आणि वाढलं काय तर वरती पांढरं आकाश आणि खाली मोकळी माती. आता त्याच जागी खाली बसून तटाचा एखादा शेवाळलेला दगड लेन्सपासून हातभर अंतरावर धरा, मग बघा १६ एमएम काय करतंय ते. दगड दांडगा दिसतो, त्याच्या मागून तट पळत जातो आणि टोकाला डोंगर. हे ज्याला करायचंय त्यानं पुढं वाचावं. ज्याला लांबचं जोतिबाचं शिखर किंवा धुक्यातल्या डोंगराच्या रांगा पाहिजेत त्यानं पैसे वाचवून लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स, म्हणजे ७०-२००, नाहीतर स्वस्तातली ५५-२५० बघावी, खरं सांगतो. सह्याद्रीतले निम्मे भारी लँडस्केप टेलीनंच निघतात.

पैसे खर्च करायच्या आधी फुकटातली तपासणी

दोन गोष्टी करा. एक, तुमचे मागच्या वर्षीचे आवडलेले लँडस्केप फोटो काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ बघा, फोटोच्या डिटेल्समध्ये असते. किटच्या १८ एमएमला टेकलेले फोटो जास्त असतील तर वाईडची गरज आहे असं म्हणता येईल. बरेचसे ३० ते ५५ च्या मधले असतील तर तुमची नजर वाईडची नाही, लेन्स घेतली तरी ती बॅगेतच राहणार.

दोन, मोबाईल. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये ०.५ एक्सवाला अल्ट्रावाईड असतोय, आयफोन ११ पासून पुढच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो फुलफ्रेमच्या (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा मोठा सेन्सर) हिशोबानं साधारण १३ एमएम आहे. म्हणजे जे बघायला तुम्ही एवढे पैसे घालणार आहात ते खिशात आहेच की! एक रविवार फक्त त्याच्यावर काढा. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला पाणी उतरलेलं असताना, पंचगंगेच्या घाटावर पायऱ्यांना चिकटून, घराजवळच्या उसाच्या बांधावर. क्वालिटी बघू नका, फ्रेम जमतीये का एवढंच बघा. दिवसभर फिरून सुद्धा सगळे फोटो रिकामे रिकामे वाटले तर लेन्स घेऊन ते भरणार नाहीत.

तुमचा सेन्सर कुठला, सगळा हिशोब त्याच्यावर

इथं लोक फार गोंधळतात म्हणून जरा सावकाश. लेन्सवर लिहिलेली फोकल लेंथ बदलत नाही पण फुलफ्रेमपेक्षा छोटा सेन्सर, ज्याला क्रॉप म्हणतात, कडेचा भाग कापतो. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप सेन्सरला १.५ नं गुणायचं, कॅननच्या क्रॉपला १.६ नं, मायक्रो फोर थर्ड्सला २ नं. म्हणजे फुलफ्रेमवर १६ एमएम जे दाखवतं ते क्रॉपवर बघायला साधारण १० एमएम लागतंय.

यातून एक सल्ला मोडीत निघतो जो दुकानातले आणि मोठे भाऊ सगळेच देतात, "फुलफ्रेमची १६-३५ घेऊन ठेव, पुढं फुलफ्रेम बॉडी घेतलीस की चालेल." अरे पण आज ती क्रॉपवर लावली की २४-५२ सारखी होते, म्हणजे किटच्या १८ ला १.५ नं गुणून येणाऱ्या २७ पेक्षा तीन एमएमचा फरक आणि पैसे तिप्पट-चौपट. पुढं कधीतरी घ्यायच्या बॉडीसाठी आज वाईड न मिळणारी वाईड कशाला घ्यायची? क्रॉप आहे तर क्रॉपचीच घ्या. क्रॉपच्या वाईड लेन्स हलक्या असतात, स्वस्त असतात आणि जुन्या विकल्या तरी गिऱ्हाईक मिळतं.

आणखी एक, वाईडच्या टोकाला एक एक एमएम महागाचा असतो. १.५ क्रॉपवर १० एमएमला आडवा कोन ९९ अंशाच्या आसपास येतो, ११ ला ९४, १२ ला ८९, म्हणजे एमएममागं पाच अंश. तोच फुलफ्रेमवर २४ चा २५ केला तर दोनच अंश जातात. म्हणून "१० काय आणि १२ काय, एकच की" असं म्हणू नका. पण उलटी हाव पण नको. फुलफ्रेमच्या हिशोबानं १५-१६ च्या खाली गेलं की कोपऱ्यातली झाडं तिरकी ताणली जातात, माणूस कडेला आला तर त्याचं डोकं लांबतं, आणि रिकामी जागा भरायची जबाबदारी तुमच्यावर येते. माझं मत विचाराल तर पहिली वाईड घेणाऱ्याला १६ च्या बरोबरीची पुरे, १२ आणि १४ च्या मागं लागू नये.

झूमचं दुसरं टोक पण बघा, हे कुणी सांगत नाही

सगळे १४ का १६ यावर भांडतात, पण आपल्याकडच्या पावसात झूम कुठं संपतो ते जास्त महत्त्वाचं. १४-२४ घेतली तर २४ च्या पुढं काही पाहिजे असलं की लेन्स बदलायची आली. गगनबावड्याच्या घाटात जुलैमध्ये लेन्स बदलून बघा, पाऊस खालून वर येत असतो, छत्री धरायला माणूस नसतो, आणि उघड्या सेन्सरवर थेंब पडला की दिवस संपला. त्यापेक्षा १६-३५ किंवा १४-३५ लावली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. क्रॉपवाल्यांनी १०-२० किंवा ११-२० सारखी बघावी जी तिकडच्या टोकाला ३० च्या बरोबरीला पोहोचते.

प्राईम, म्हणजे झूम न होणारी एकाच फोकल लेंथची लेन्स, का नको? रस्त्यावर, गल्लीत दोन पावलं पुढं-मागं होता येतं. कड्यावर नाही होता येत भावा. रांगणा किल्ल्याच्या माचीच्या टोकाला उभं राहून "पायानं झूम कर" हा सल्ला पाळायला गेलात तर थेट कोकणात जाल.

एफ/२.८ का एफ/४? खिसा इथंच फाटतो

एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक (अपर्चर) किती उघडं, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. लँडस्केप बहुतेक वेळा ट्रायपॉडवर एफ/८ ते एफ/११ ला निघतो, क्रॉपवर एफ/५.६ ते एफ/८ ला सुद्धा भागतं. तिथं एफ/२.८ ची लेन्स आणि एफ/४ ची लेन्स शेजारी ठेवली तर फरक ओळखायला भिंग लागेल. मग २.८ चे जादा पैसे आणि जादा वजन कशासाठी?

एकाच कामासाठी, तारे. आकाशगंगा काढायची असेल तर एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, ते खरंच उपयोगी पडतं. दाजीपूर, गगनबावडा, भुदरगड या पट्ट्यात अजून बऱ्यापैकी अंधार शिल्लक आहे आणि आकाशगंगेचा मधला भाग आपल्याकडं साधारण फेब्रुवारीपासून दिसायला लागतो, पावसाळा सुरू व्हायच्या आधीचे मार्च-एप्रिल पहाटेला मस्त. तारे लांबट न होता शटर किती वेळ उघडं ठेवायचं याला १६ एमएमला ५०० भागिले १६ म्हणजे ३१ सेकंद असा जुना नियम सांगतात, पण आताच्या जास्त मेगापिक्सलच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट झालेले दिसतात, मी १५ ते २० सेकंदाच्या पुढं जात नाही. क्रॉपवाल्यांनी आधी १.५ नं गुणून मग भागायचं. एवढ्या कमी वेळात उजेड गोळा करायचा तर २.८ पाहिजे. त्यातही एक बघायचं, कोपऱ्यातले तारे पूर्ण उघड्या अपर्चरला पंख फुटल्यासारखे दिसतात का, त्याला कोमा म्हणतात, आणि २.८ घेऊन शेवटी ४ वरच बंद करून वापरावी लागली तर मग काय मिळवलं.

तारे नको असतील तर एफ/४, आणि क्रॉपवर एफ/४.५-५.६ सुद्धा चालते, डोळे झाकून. वाचलेल्या पैशात चांगला ट्रायपॉड घ्या. हलक्या ट्रायपॉडवर भारीतली लेन्स मसाईच्या वाऱ्यात काही कामाची नाही, तिथला वारा कॅमेरा काय माणसाला हलवतो.

आता प्रत्यक्ष नावं

सगळ्या लेन्सची यादी देत नाही, ज्या मला लँडस्केपसाठी कामाच्या वाटतात तेवढ्याच.

कॅननचा जुना क्रॉप डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर ईएफ-एस १०-१८ एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम. २०१४ मध्ये आली, २४० ग्रॅम, ६७ एमएमचा फिल्टर, कॅमेऱ्याला जोडायचा माऊंट प्लास्टिकचा. दिसायला खेळण्यासारखी वाटते पण फोटो बघून कुणी ओळखणार नाही. सेकंडहँड भरपूर मिळते. आर ५०, आर १० सारखी मिररलेस (आरसा नसलेली) क्रॉप बॉडी असेल तर २०२३ ची आरएफ-एस १०-१८ एफ/४.५-६.३ बघा, फक्त १५० ग्रॅम, आणि तिच्यात हात हललेला सांभाळणारा स्टॅबिलायझर आहे जो त्या बॉडीत नाही. कॅनन फुलफ्रेम मिररलेसला आरएफ १५-३० एफ/४.५-६.३, ३९० ग्रॅम, परवडणाऱ्यातली, आणि पैसे असतील तर आरएफ १४-३५ एफ/४ एल, ५४० ग्रॅम, ७७ एमएम फिल्टर. डीएसएलआर फुलफ्रेमला २०१४ ची ईएफ १६-३५ एफ/४ एल आयएस आजही नाद खुळा लेन्स आहे, ॲडॉप्टर लावून ती आर सिरीजच्या बॉडीवर ऑटोफोकससकट व्यवस्थित चालते, आणि लोक मिररलेसला जाताना ती विकतायत, म्हणून सेकंडहँडमध्ये माझी पहिली पसंती तीच.

निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरला एएफ-पी डीएक्स १०-२० एफ/४.५-५.६ व्हीआर, २०१७ ची, २३० ग्रॅम, ७२ एमएम फिल्टर. पण इथं थांबा. एएफ-पी लेन्स जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत, डी ३२००, डी ५१००, डी ७०००, डी ९० या बॉडीवर तिचा उपयोग नाही, आणि विकणारा हे सांगेलच असं नाही. क्रॉप मिररलेसला झेड डीएक्स १२-२८ पीझेड व्हीआर, २०५ ग्रॅम. झेड फुलफ्रेमला १४-३० एफ/४ एस, ४८५ ग्रॅम, १४ एमएमपासून असूनही पुढं साधा ८२ एमएमचा फिल्टर लागतो, २०१९ मध्ये ती आली तेव्हा हेच तिचं खरं कौतुक होतं. झेडवर जुन्या निकॉन लेन्स एफटीझेड ॲडॉप्टरनं लावणार असाल तर एएफ-एस आणि एएफ-पीच फोकस करतात, आत मोटर नसलेल्या स्क्रू ड्राईव्हच्या जुन्या लेन्स हातानं फिरवाव्या लागतात.

सोनी क्रॉपला दोन तगडे पर्याय. टॅमरॉन ११-२० एफ/२.८, ३३५ ग्रॅम, आणि सिग्मा १०-१८ एफ/२.८, २६० ग्रॅम, दोन्हीला ६७ एमएमचा फिल्टर. २.८ एवढ्या हलक्यात मिळत असेल तर मग वर मी जे एफ/४ चं बोललो ते बाजूला ठेवा. टॅमरॉन ११ एमएमला १५ सेंटीमीटरवरून फोकस करते, सिग्मा त्याहून जवळून. सप्टेंबरात मसाईवर फुलं येतात तेव्हा हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण फुलं वीतभर उंचीची पण नसतात, जवळ जाता आलं तरच मोठी दिसतात. सोनी फुलफ्रेमला टॅमरॉन १७-२८ एफ/२.८, ४२० ग्रॅम, किंवा सोनीचीच १६-३५ एफ/४ पीझेड जी, ३५३ ग्रॅम, गडावर चढून जाणाऱ्याला हिच्यासारखी लेन्स नाही.

फुजीवाल्यांना १०-२४ एफ/४ डब्ल्यूआर, २०२० नंतरची, पाण्यापासून संरक्षण असलेली. तिच्याच नावाची जुनी पण आहे, तिच्यावर डब्ल्यूआर लिहिलेलं नसतंय, घेताना बघून घ्या.

टोकिना ११-१६ एफ/२.८ चं नाव अजून निघतं. दणकट लेन्स आहे, पण निकॉनवाल्यांनी पहिली आवृत्ती का दुसरी ते विचारा. पहिलीत मोटर नाही, त्यामुळं डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीवर ऑटोफोकस चालत नाही. आणि समोर सूर्य आला की ती फ्लेअर (फोटोत उजेडाचे ठिपके) देते, त्याची तयारी ठेवा.

पुढची काच फुगलेली आहे का सपाट

निकॉनची जुनी १४-२४ एफ/२.८, सोनीची १२-२४ एफ/४ यांची पुढची काच भोपळ्यासारखी बाहेर आलेली असते आणि तिथं गोल फिल्टर बसत नाही. आता तुम्ही म्हणाल फिल्टर कशाला, लाईटरूममध्ये करतो की. आकाश गडद करणं, रंग वाढवणं ठीक आहे, पण पोलरायझरचं काम सॉफ्टवेअरला जमत नाही. राऊतवाडीला ओल्या दगडावर, ओल्या पानावर जी पांढरी चकाकी असते ती पोलरायझर फिरवला की जाते आणि खालचा हिरवा, काळा रंग वर येतो. तसंच धबधबा रेशमासारखा करायला अर्धा ते एक सेकंद लागतो, भर दिवसा त्याला उजेड कमी करणारा एनडी फिल्टर पाहिजे. फुगलेल्या काचेला १५० एमएमची चौकोनी सिस्टीम घ्यावी लागते, ती महाग, अवजड, आणि पावसात सांभाळायला वैताग. साध्या लेन्सला गोल फिल्टरवर भागतं किंवा १०० एमएमची सिस्टीम चालते.

आणखी दोन गोष्टी फिल्टरबद्दल. पातळ कडीचे घ्या आणि एकावर एक दोन चढवू नका, १६ च्या टोकाला कोपरे काळे होतात. आणि निळ्या आकाशावर पोलरायझर वाईडला वापरू नका, फ्रेम एवढी रुंद असते की आकाशाचा एकच पट्टा गडद निळा होतो, बाकीचं फिकं राहतं. धबधब्यावर आणि जंगलात वापरा.

पाऊस, धुकं आणि बुरशी

वेदर सीलिंग, म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याची सोय, असलं तर चांगलंच, नसलं तर अडत नाही. कॅननच्या एल, निकॉनच्या झेड एस, फुजीच्या डब्ल्यूआर लेन्सना माऊंटजवळ रबरी कडी असते. कॅननच्या काही एल लेन्सना पुढं फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पूर्ण होत नाही, १७-४० आणि १६-३५ एफ/४ त्यातल्याच, बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. बाकी सगळ्यांना हॉटेलातली शॉवर कॅप, प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि मायक्रोफायबरचे तीन-चार कापड. वाईड लेन्सवर पाण्याचा एक थेंब पडला तरी एफ/११ ला तो फोटोत डाग म्हणून दिसतो, त्यामुळं प्रत्येक दोन-तीन फ्रेमला काच बघायची सवय लावा.

राधानगरीला एसी लावून गाडी नेली आणि उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. घाट चढायच्या आधीच एसी बंद करा, बॅग बंदच राहू दे, बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा.

सेकंडहँड घेताना

कोल्हापुरात लग्नाची शूटिंग करणारे इतके आहेत की १६-३५ सारखी लेन्स कुणाकडं ना कुणाकडं विकायला असतेच. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला त्या गावात कॅमेरा सामान मिळणार नाही असं होतच नाही म्हणा. शिवाय आधी एक दिवस भाड्यानं घेऊन बघता येते, लग्नाचा सीझन नसेल तेव्हा भाडं पण कमी करतात. पण लग्नातली लेन्स म्हणजे भरपूर वापरलेली लेन्स, तेव्हा बघायचं काय ते सांगतो.

टॉर्च घ्या, मोबाईलची चालेल. मागच्या बाजूनं तिरका उजेड टाका आणि पुढून बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, तिथंच "नको" म्हणा. साफ करून मिळते असं सांगतील, पण बुरशी कोटिंग खाते, ते परत येत नाही. आपल्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात ठेवलेल्या बॅगेत ती हमखास धरते. त्यानंतर झूम रिंग फिरवून बघा, कुठं अडखळते का, सैल आहे का. फिल्टर बसतो ती पुढची कडी चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे. माऊंटचे स्क्रू खरवडलेले असतील तर कुणीतरी खोललेली आहे.

मग कॅमेऱ्याला लावा, आणि ही परीक्षा नवीन लेन्सलाही करायची आहे. वाईडमध्ये काचा सरकून एक बाजू मऊ येण्याचा दोष बऱ्याचदा असतोय, त्याला डीसेंटरिंग म्हणतात. भिंतीचा फोटो काढू नका, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरणं जमत नाही आणि उगाच चांगली लेन्स नाकारली जाते. त्याऐवजी लांबचा मोबाईल टॉवर नाहीतर पाण्याची टाकी बघा, कमीत कमी दोन-तीनशे मीटरवरची. सगळ्यात वाईड टोकाला, पूर्ण उघड्या अपर्चरला, मधोमध ठेवून फोकस करा आणि मग फोकस मॅन्युअलवर टाकून त्याला हात लावू नका. आता तोच टॉवर एकेक करून चारही कोपऱ्यात आणून चार फोटो काढा. चारही कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणार, ते चालतं. पण एक कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा स्पष्ट खराब दिसला तर लेन्स परत. लांबच्या टोकाला पण हेच करा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल, पैसे तुमचे आहेत.

मिररलेसच्या नव्या लेन्समध्ये रॉ फाईल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) करेक्शन बंद करून उघडली तर काहींचे कोपरे काळे किंवा कडा फुगीर दिसतात, कॅनन आरएफ १४-३५ तर १४ ला तशीच आहे. तो दोष समजू नका, सॉफ्टवेअर सरळ करणार हे धरूनच ती बनवलेली आहे.

नवीन घेताना जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी लिहून घ्या, बिलावर लेन्सचा सीरियल नंबर पाहिजेच. चार-पाच हजार स्वस्त म्हणून बाहेरून आणलेला माल घेतला की दुरुस्तीच्या वेळी अधिकृत सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं.

आणल्यावर पहिल्या आठवड्यात

परत करायची मुदत असेल तर ती संपायच्या आत खऱ्या जागेवर न्या. मी नवीन वाईड तपासायला खिद्रापूरला जायला सांगतो. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, वर गोल उघडं आकाश, खाली खांबांचं वर्तुळ. मंडपाच्या मध्यावरून कॅमेरा सरळ वर करून १६ एमएमनं फोटो घेतला की लेन्सचं सगळं बाहेर येतं. खांब कडेला किती वाकतात, उघड्या आकाशाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते का, कोपऱ्यातली शिल्पं टिकतात का. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी विचारा, संरक्षित वास्तू आहे.

दुसरी परीक्षा सूर्याची. रंकाळ्यावर संध्याकाळी सूर्य फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवा, मग मध्यावर, मग फ्रेमच्या जरा बाहेर. फ्लेअरचे ठिपके कुठं येतात ते एकदा बघून ठेवलं की पुढं ते टाळता येतात. एफ/१६ ला सूर्याची चांदणी कशी येते ते पण तिथंच कळेल, अपर्चरची ७ पाती असतील तर १४ किरणं, ९ असतील तर १८. सम संख्येची पाती असतील तर तेवढीच किरणं. पण एफ/१६ फक्त चांदणीसाठी, एरवी ११ च्या पुढं डिफ्रॅक्शननं (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो) सगळी फ्रेम मऊ होते.

फोकसचा एक आकडा पाठ करा. फुलफ्रेमवर १६ एमएम, एफ/११, फोकस साधारण ८० सेंटीमीटरवर ठेवला की ४० सेंटीमीटरपासून लांबच्या डोंगरापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं. क्रॉपवर १० एमएम, एफ/८ ला ६५ सेंटीमीटर धरा. लोक सरळ डोंगरावर फोकस करतात आणि मग पुढचं फूल मऊ आलं म्हणून लेन्सला शिव्या देतात.

कॅमेरा समपातळीत ठेवा, वाईडला जरा खाली-वर झुकला की झाडं आत-बाहेर पडायला लागतात. फ्रेमच्या चारी कडा बघा, ट्रायपॉडचा पाय, स्वतःची चप्पल, मित्राची सावली, सगळं येतं. आणि खाली बसा. छातीच्या उंचीवरून वाईडचा फोटो क्वचितच जमतो, गुडघ्याच्या खाली आलात की पुढची वस्तू मोठी व्हायला लागते.

घरी आल्यावर ओली लेन्स बॅगेत कोंबून झोपू नका. पुसून, झाकण काढून, पंख्याखाली तासभर ठेवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, सोबत स्वस्तातलं हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. दाणे रंग बदलणारे घ्या, रंग गेला की मंद आचेवर तव्यात गरम केले की परत कामाला येतात, फक्त त्या तव्यात नंतर भाकरी भाजू नका. पावसाळ्यात फोटो काढायला जायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून झूम आणि फोकस रिंग फिरवा, आणि जरा वेळ खिडकीच्या उजेडात ठेवा.